अकरा वर्षे उभी राहिलेली बुलेट: पहिल्या किकच्या आधीपासून कसारा घाटापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. माहीमच्या सोसायटीत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, वडिलांची १९७९ ची बुलेट ३५० अकरा वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. किक खाली जात नाही. गाडी पुन्हा उभी करून पावसाळा संपल्यावर तिच्यावरून नाशिकला जायचे आहे. सुरुवात रंगापासून करावी की इंजिनापासून?

दोन्हीपासून नको, आधी कागदांपासून करा. पण त्याआधी एक गोष्ट, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. नवी केलेली जुनी गाडी पहिल्या लांबच्या फेरीत बंद पडते, तेव्हा दोष बहुतेक वेळा जुना नसतो, नव्या कामाचा असतो. अर्थिंगच्या जागी चढलेला नवा रंग, तेलाच्या वाटेत शिरलेला सिलिकॉनचा गोळा, ब्लास्टिंगची (वाळू किंवा काचेचे मणी मारून धातू साफ करण्याची) राहिलेली वाळू, चमकतात म्हणून बसवलेले पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). ४५ वर्षे जुनी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हलण्याने फिरणारा दांडा, यापेक्षा भरवशाची निघते. म्हणून कमी उघडा, आणि जे उघडाल ते दोनदा तपासा.

कागद. कायद्याच्या भाषेत तुमची गाडी ‘व्हिंटेज’ नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेलीच गाडी त्यात बसते. ती नोंदणी घेतली तर व्हीए मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो, पण गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणता येते. नाशिकला जाण्यासाठी तुम्हाला नेहमीचेच नूतनीकरण हवे, म्हणजे फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि आता उच्च सुरक्षा नंबरप्लेटही. आरसी वडिलांच्या नावावर असेल तर ते निस्तरण्यातच दोन-तीन महिने जाऊ शकतात. तीन अक्षरी जुन्या क्रमांकाच्या गाड्यांची नोंद कधी कधी संगणकात चढलेलीच नसते, मग आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे सगळे गाडी खोलण्याआधी सुरू करा. चेसिस क्रमांक आणि क्रँककेसवरचा इंजिन क्रमांक यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. फ्रेम पावडर कोटिंगला देताना चेसिस क्रमांकावर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा, नाहीतर तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर नवाकोरा रंग खरवडत बसावे लागते.

आता जाम इंजिन. किकवर उभे राहून जोर लावू नका, किकच्या आतल्या गियरचे दात तुटतील. प्लग काढा आणि भोकातून साधारण ५० मिली डिझेल व इंजिन तेल निम्मेनिम्मे ओता. चार-पाच दिवस तसेच राहू द्या, रोज थोडे पुन्हा घाला. मग टॉप गियर टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलके डोलवा. सुटले तर उत्तम. नाही सुटले तर हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) काढा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात हलतो ते भोक, पाहा. गाडी एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत उभी राहिली असेल तर सायलेन्सरमधून शिरलेल्या खाऱ्या दमट हवेने बोअरमध्ये, रिंगा टेकल्या होत्या तिथे, गंजाचे कडे तयार झालेले असते. ते घासकागदाने पुसून गाडी चालू होते, पण धूर देते. तिथे रिबोअर, म्हणजे ते भोक थोडे मोठे कापून मोठा पिस्टन बसवणे, हाच मार्ग.

रिबोअरचे पिस्टन मूळ मापाच्या वर वीस, चाळीस आणि साठ थाउ असे मिळतात. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वीस थाउ म्हणजे अर्धा मिलिमीटर. बॅरल (सिलिंडर) आधी किती वेळा कापले गेले आहे ते पिस्टनच्या डोक्यावरच्या आकड्यावरून कळते. साठ झाले असेल तर नवा लायनर (आतली नळी) किंवा नवे बॅरल घ्यावे लागेल. सगळ्यांत महागात पडणारी चूक अशी: बोअर आधी करून घेतात आणि पिस्टन नंतर आणतात. उलटे करा. पिस्टन आधी घ्या, तो बोअरिंगवाल्याच्या हातात द्या आणि खोक्यावर छापलेल्या क्लिअरन्सनेच (पिस्टन आणि बोअरमधल्या फटीने) कापायला सांगा. ‘थोडे टाइट ठेवतो, नंतर सुटेल’ असे तो म्हणाला तर नको म्हणा. कास्ट आयर्नचे बॅरल आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन यांत पिस्टन जास्त फुगतो, आणि हे ‘नंतर सुटणे’ नेमके घाटात होते. घरी आणल्यावर नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने तिच्या टोकांमधली फट मोजा. ७० मिमी बोअरला ती ०.३ ते ०.४ मिमीच्या आसपास असावी.

कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) धरून वर-खाली हलवून पाहा. बाजूला थोडा सरकला तर चालतो, वर-खाली अजिबात हलता कामा नये. खेळ नसेल तर क्रँक उघडू नका. ‘इंजिन निघालेच आहे तर तेही करून घेऊ’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. क्रँक दाबून पुन्हा सरळ करणे हे मुंबईत मोजक्याच कारागिरांचे काम आहे, आणि वाकडी बसवलेली क्रँक म्हणजे आयुष्यभराचा थरथराट. बेअरिंग मात्र बदला. केस ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर सर्व बाजूंनी सारखी तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र आवाज करून उडाला की बेअरिंग बोटाच्या दाबाने बसते. हातोडा लागतोय म्हणजे केस थंड आहे. बेअरिंग, ऑइल सील आणि नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतील. बेअरिंगवरचा क्रमांक लिहून न्या, ‘बुलेटचे द्या’ एवढे सांगून चालत नाही. जुने पत्रे आणि दिव्याच्या रिंगा कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला किंवा चोर बाजारात शोधाव्या लागतात. हेच कास्ट आयर्न इंजिन २००० नंतरही काही वर्षे बनत होते, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई नाही, पण नव्या-जुन्या भागांचे आटे एक नसतात. जुने नट इंची मापाचे आहेत. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की कडा गोल होतात, आणि इंची बोल्ट नव्या भोकात ‘बसतोय की’ म्हणून फिरवला की आटे जातात. इंची पान्यांचा एक संच घ्याच.

आता तेलाची वाट. इथे घाई करू नका.

बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसच्याच पोटात असते. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप आहेत. एक तेल क्रँककडे ढकलतो, दुसरा खाली साठलेले तेल उचलून रॉकरला (वरच्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांना) पाजून टाकीत परत नेतो. दोन्ही पंप क्रँकच्या टोकावरच्या वर्मने (स्क्रूसारख्या गियरने) हलतात. त्या वर्मचे आटे उलटे आहेत, हे माहीत नसताना नेहमीच्या दिशेने जोर लावला की तो आणखी घट्ट होतो किंवा तुटतो. पंपाच्या चकत्या आपापल्या बैठकीवर तंतोतंत बसायला हव्यात. झिजल्या असतील तर सर्वांत बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून हलक्या हाताने गोल फिरवत घासा, मग पेस्टचा कणही राहणार नाही इतके रॉकेलने धुवा. टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला तेल देणाऱ्या नळीभोवती कॉर्कचे किंवा रबराचे एक छोटेसे सील असते. नखाएवढी वस्तू. कव्हर उघडले की ते बदलायचेच. ते चपटे झाले तर तेल क्रँकमध्ये न जाता कव्हरमध्येच गळून जाते. बाहेर एक थेंब दिसत नाही, डिपस्टिकवर पातळी ठीक दिसते, आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा, कोरडा चालून ठोकायला लागतो.

केस ब्लास्टिंगला दिली असेल तर काचेचे मणी तेलाच्या भोकांत बसलेले असतात. आधी गरम साबणपाणी आणि बाटली धुण्याचा बारीक ब्रश, मग हवेचा झोत, मग पुन्हा साबणपाणी. पांढऱ्या फडक्यावर काही येईनासे होईपर्यंत. केसच्या जोडावर सिलिकॉन लावायचे तर बोटावर घेऊन पुसून टाकल्यासारखे पातळ लावा. बाहेर सुंदर रेघ दिसली म्हणजे आतही तेवढीच रेघ लोंबतेय. ती तुटून पंपाच्या तोंडाशी जाऊन बसते. पंपाच्या झाकणांना फक्त कागदी गॅस्केट, सिलिकॉन नाही.

जोडणी झाल्यावर फेल्टचा नवा फिल्टर घाला आणि त्याची पोकळी तेलाने भरून मग झाकण लावा. तेल साधे मिनरल २०डब्ल्यू-५०, कोरड्या इंजिनाला सव्वादोन लिटरच्या आसपास. पहिल्यांदा चालू केल्यावर फिल्टरच्या झाकणाचा नट अर्धा फेरा सैल करा. तिथून तेल पाझरले म्हणजे पाठवणारा पंप चालतोय. मग रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा वरचा बोल्ट किंचित सैल करा. तिथेही तेल आले म्हणजे परत आणणारा पंप चालतोय. दोन्हीकडे तेल दिसल्याशिवाय इंजिन मिनिटभरही चालवू नका. आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतले तेल खाली झिरपते. मग डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस वरून आणखी लिटरभर ओततो, आणि चालू केल्यावर अख्खी गल्ली धुराने भरते. पातळी नेहमी इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद केल्यावर पाहायची.

तेलगळतीला लोक ‘बुलेट म्हणजे गळणारच’ म्हणून सोडून देतात. निम्म्या वेळा कारण ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी, असते. ब्रीदरच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखे रबर असते. ते पिस्टन खाली येताना उघडून हवा बाहेर सोडते आणि वर जाताना मिटते. रबर कडक झाले की केसमधला दाब तेलाला प्रत्येक जोडातून बाहेर ढकलतो. चार रुपयांचे पॅकिंग दहा वेळा बदलण्यापेक्षा आधी ती चोच बोटांनी दाबून पाहा. प्रायमरी चेनकेस (इंजिन ते क्लच या चेनचे आवरण) गळत असेल तर तिचा मधला एकुलता एक नट आवळत सुटू नका. तो जास्त आवळला की पत्र्याचे कव्हर मध्ये दबते आणि कडेने उघडते, गळती वाढते. रबर नवे घाला, कव्हरची कड सपाट काचेवर टेकवून पाहा, नट बेताने आवळा. त्यात साधारण ४२० मिली तेल लागते.

टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडचा (दांड्याचा) खेळ जुळवण्यासाठी, उजव्या बाजूचे छोटे झाकण उघडा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, इंजिन पूर्ण थंड. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली टकटक हलता कामा नये. इथे फीलर गेज लागत नाही, बोटे लागतात. तीन पातळ पाने एकाच वेळी धरावे लागतात, आणि लॉकनट आवळताना माप हमखास बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा फिरवून पाहा. टॅपेटच्या आवाजाला घाबरून पुशरॉड घट्ट ठेवणारे पुष्कळ आहेत. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जाते, आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

पेट्रोलची टाकी बाहेरून रंगवण्याआधी आतून करा. पेट्रोलचा नळ काढून भोक बुजवा, सायट्रिक ॲसिड लिटरला ५० ग्रॅम या मापाने कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, एक रात्र ठेवा. गंज जाड असेल तर आधी मूठभर स्वच्छ नट आत टाकून हलवा, आणि टाकलेले मोजून ठेवा, तेवढेच बाहेर आले पाहिजेत. मग पाणी, मग खाण्याच्या सोड्याचे पाणी, मग लगेच हेअर ड्रायरने कोरडी करा. लगेच म्हणजे लगेच. मुंबईच्या हवेत उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. शेवटी थोडे तेल-पेट्रोल फिरवून ठेवा. आतून लेप देण्याची शिफारस मी करत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असते, आणि बाजारातले बरेच जुने लेप त्यात मऊ पडून सोलतात. मग साल थेट नळाच्या जाळीत.

याच इथेनॉलने नळातले कॉर्क, जुनी पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरची रबरी पॅकिंग फुगतात किंवा ठिसूळ होतात. सगळी नवी घाला. शिवाय इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, त्यामुळे जुन्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. कार्ब्युरेटर मूळचा असो की नंतर बसवलेला व्हीएम २४ जातीचा, सुईची क्लिप एक खाच खाली लावून, म्हणजे सुई एक पायरी वर उचलून, सुरुवात करा आणि प्लग पाहा. चॉकलेटी हवा. पांढराफट म्हणजे पातळ आणि गरम, काजळी म्हणजे जाड. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि जूनच्या माहीममध्ये हवेत पाण्याला तोटा नाही.

रंगाबद्दल एवढेच: पावसाळ्यात रंगवून घेऊ नका. दमट हवेत रंग वाळताना त्यावर पांढुरकी साय येते आणि पॉलिश करूनही ती पूर्ण जात नाही. इंजिनाचे काम पावसाळ्यात, रंग ऑक्टोबरनंतर. टाकीवरच्या सोनेरी रेघा अजून दिसत असतील तर टाकी रंगवूच नका, धुऊन पॉलिश करा. फ्रेम पावडर कोट केली तर स्टिअरिंगच्या बेअरिंगचे कप, स्विंग आर्मच्या बैठका, इंजिन बसण्याच्या जागा आणि सगळे आटे झाकून द्या. कोटिंगचा थर जाड असतो, कप त्यावर वाकडा बसतो आणि हँडल ५० च्या वेगाला डोलू लागते.

त्याच थरामुळे अर्थिंग जाते. रंगवलेल्या फ्रेमवर अर्थची वायर बोल्टने बसवली की दिवे पेटतात, हॉर्न वाजतो, पण ठिणगी कधी असते, कधी नसते. बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून एक जाड वायर थेट इंजिनाच्या धातूपर्यंत न्या. तुमची गाडी सहा व्होल्टची असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण गंजक्या जोडात अर्धा व्होल्ट पडला तर बारा व्होल्टच्या गाडीत तो चार टक्के असतो, सहाच्या गाडीत आठ टक्के. वायरिंग तुकड्यातुकड्याने जोडू नका, पूर्ण हार्नेस नवा घ्या. बारा व्होल्टची घाई मात्र नको. मूळ चार्जिंग चालू असेल तर सहा व्होल्टवर दिवसाची फेरी निर्धास्त होते. प्रश्न फक्त रात्रीच्या उजेडाचा आहे, आणि पहिली फेरी रात्री करायचीच नाही.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, ३५० ला पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी, वेग वाढला की ठिणगी लवकर आणणाऱ्या ॲडव्हान्सच्या वजनांना मोकळे सोडून. आधी फट, मग टायमिंग, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. पॉइंटच्या जोडीने काम करणारा कंडेन्सर हा खरा दगाबाज. थंड असताना ठणठणीत, तासाभराने गरम झाला की आत तुटतो. गाडी खोकते, बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. नवीन म्हणून मिळणारे सगळे चांगले असतातच असे नाही, त्यामुळे जुना चालत असेल तर फेकू नका, टूलबॉक्समध्ये ठेवा.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. पुढचे चाक बसवताना ॲक्सलचा नट किंचित सैल ठेवून ब्रेक घट्ट दाबा आणि दाबून ठेवूनच नट आवळा, म्हणजे ब्रेकची प्लेट ड्रमच्या बरोबर मध्यावर येते. टायर ३.२५-१९, चाळीस पावसाळे पाहिलेला मूळ टायर कितीही गोमटा दिसला तरी बदलायचा. नवा घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

चालू करताना इग्निशन लावून ॲमीटरचा काटा पाहा. किक हळू दाबत गेलात की काटा डावीकडे जाऊन परत मध्ये येतो. तिथे पॉइंट उघडले. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक अगदी थोडी पुढे न्या, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या, मग एकच पूर्ण किक. अर्धवट किक मारली तर ती उलटी पायावर येते. नव्या इंजिनाला जागेवर उभे ठेवून अर्धा तास घुमवू नका, हवा नसते. तीन मिनिटे चालवा, पूर्ण थंड करा, हेडचे नट तिरके-तिरके पुन्हा आवळा. मग दहा किलोमीटर, पुन्हा थंड, पुन्हा नट, पुन्हा टॅपेट. पहिले तेल १०० किलोमीटरला बदला, दुसरे ५०० ला, दर वेळी फिल्टरसह. पहिले ५०० किलोमीटर ५० च्या आत, पण एकाच वेगाने नाही, आणि टॉप गियरमध्ये ढकलत तर मुळीच नाही. कमी फेऱ्यांवर ओढायला लावणे हे नव्या रिंगांना वेगापेक्षा वाईट.

तुमचा हात कोणत्या गाडीवर बसलाय ते मला माहीत नाही, पण १९७९ च्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आहे, पहिला वर आणि बाकीचे खाली, आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. समोर रिक्षा अचानक थांबली की सवयीचा उजवा पाय दाबला जातो आणि ब्रेकऐवजी गियर पडतो. रविवारी सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर नुसते थांबण्याचा सराव करा. पाय विचार न करता डावा जाईपर्यंत हायवे नको.

मग एक मुद्दाम छळणारी परीक्षा: संध्याकाळी सातला सायन सर्कल. पाऊण तास गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. कंडेन्सर, क्लच, आयडलिंग, जे काही गरम झाल्यावर बिघडणार ते इथे बिघडू द्या. घर जवळ आहे.

आता नाशिक. दुचाकीला पूर्व मुक्त मार्ग बंद, अटल सेतू बंद, सागरी सेतू बंद. भिवंडीच्या पुढे आमण्याजवळ समृद्धीचा फाटा दिसेल, तिथेही बंदी. तुमचा रस्ता सायनहून पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे, माजिवडा, वडपे, पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी. पहिल्या फेरीसाठी हाच निवडा, आणि कारण निसर्ग नाही, लोकल आहे. कसाऱ्यापर्यंत मध्य रेल्वे तुमच्या आसपास धावते. गाडी अडलीच तर ती शहापूरच्या एखाद्या गॅरेजात ठेवून आसनगावहून लोकलने घरी येता येते, आणि दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती घेऊन जाता येते. तरी थेट नाशिक नको. आधी एक रविवार शहापूरला जाऊन-येऊन, दीडशे किलोमीटर. पुढच्या रविवारी घाट चढून इगतपुरी. दोन्ही निर्धास्त झाले तर तिसऱ्यांदा नाशिक, मुक्कामासह.

निघण्याआधी एक बारीक काम करा. प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आणि त्याखालच्या धातूवर मिळून पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढा: हेड स्टेडी (हेडला फ्रेमशी धरणारी पट्टी), कार्ब्युरेटरचे दोन नट, सायलेन्सरचा ब्रॅकेट, मडगार्डच्या दांड्या, दोन्ही ॲक्सल, पायटेकण. एकच सिलिंडर, थरथर ठरलेली. दर ४० किलोमीटरला पंधरा मिनिटे थांबाल तेव्हा पाना काढायची गरज नाही, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. थांबल्यावर दोन्ही चाकांच्या हबला हात लावा. एक कोमट आणि एक चटका देणारा असेल तर तिथे ब्रेक घासतोय. नवी क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच आधी ओढून बांधून ठेवा, तुटली तर दोन टोके बदलायची आणि निघायचे. टूलबॉक्समध्ये पॉइंट, कंडेन्सर, प्लग, चेनची जोडकडी, ट्यूब, दोन टायर लिव्हर, फ्यूज, हातभर वायर, फीलर गेज, टॅपेटचे तीन पाने आणि अर्धा लिटर तेल.

कसारा घाट ट्रकच्या मागे रांगत चढू नका. ट्रक पुढे जाऊ द्या, मोकळी जागा मिळाली की तिसऱ्या गियरमध्ये इंजिन मोकळे फिरेल अशा वेगाने चढा. फेऱ्या पडायला लागण्याआधी दुसरा टाका. पिस्टन धरायला लागतो तेव्हा आधी ताकद कमी होते, जणू कोणी मागून ओढतेय, आणि इंजिनाचा आवाज आवळल्यासारखा होतो. त्या क्षणी क्लच दाबा, थ्रॉटल सोडा, डावीकडे घ्या. क्लचवरची दोन बोटे घाटभर तिथेच ठेवायची ती यासाठी. थांबल्यावर वीस मिनिटे नुसते बसा. इंजिनावर पाणी ओतू नका, तापलेले कास्ट आयर्न तडकते. पुन्हा पुन्हा तापत असेल आणि सायलेन्सरचा बेंड हेडपाशी निळा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा टायमिंग मागे पडले आहे. उशिरा पेटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये काम करायचे सोडून नळीत जळत जाते.

उतरताना जुने ड्रम ब्रेक सतत धरून ठेवले तर अर्ध्या घाटात लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा, ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. खाली पोहोचून थ्रॉटल दिल्यावर निळ्या धुराचा एक छोटा झोत आला तर काळजी नको. बंद थ्रॉटलवर व्हॉल्व्ह गाइडमधून ओढलेले तेल जळाले. दुसऱ्या किलोमीटरलाही धूर चालूच असेल तर गाइड सैल आहेत.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी, इंजिन गार असताना, टॅपेटचे झाकण उघडून पुशरॉड फिरवून पाहा. पहिल्या लांब फेरीनंतर हेड बसते आणि पुशरॉड घट्ट झालेला सापडतो. मागच्या चेनचा खेळ तिच्या सर्वांत ताठ जागी २० ते २५ मिमी ठेवा. स्पोकवर पान्याने टिचक्या मारत चाक फिरवा, सगळ्यांचा आवाज एकसारखा टणटणीत हवा, एखादा बद वाजला तर तो आवळा. मग थोडे तेल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात धरा. करडी बारीक चमक नव्या रिंगांची असते, ती पुढच्या तेलात कमी दिसेल. पितळी किंवा सोनेरी कण दिसले तर किक मारू नका, टायमिंग कव्हर उघडा आणि ते नखाएवढे सील पाहा.